घटकांचे तीन सिनेमे चंद्रपुरात, मराठी सबटायटल्ससह: कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२५

आज बंगाली सिनेदिग्दर्शक ऋत्विक घटकांच्या जन्माला १०० वर्षं झाली. काम असं ठरलंय की फाळणीनंतरच्या आयुष्यावरचे त्यांचे तीन सिनेमे, 'मेघे ढाका तारा' (१९६०), 'कोमल गांधार' (१९६१) आणि 'सुवर्णरेखा' (तयार १९६२ला, रिलीज १९६५ला), मराठी सबटायटल्स लावून चंद्रपुरात दाखवायचे. शेवटचा शो ६ फेब्रुवारीला, त्या दिवशी त्यांना जाऊन ५० वर्षं होतात. नोंदी अशासाठी ठेवतोय की दुसऱ्या कुठल्या गावातल्या ग्रुपला हेच करायचं असेल तर आमचा गेला तेवढा वेळ आणि पैसा त्यांचा जाऊ नये.

चंद्रपूरच का, तर इथे बंगाली कॅम्प नावाची वस्ती आहे. चौकाचं नाव सगळ्यांना माहीत, ते नाव पडलं कशामुळे ते तिशीच्या आतल्या फार कमी जणांना माहीत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १९५८ला दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला, १९६४च्या दंगलींनंतर आणखी लोक आले, रायपूरजवळच्या माना कॅम्पमधून पुढे वाटले गेले, त्यातली काही कुटुंबं तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात आली. आज गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शीकडे त्यांची गावंच्या गावं आहेत. आमच्या ग्रुपमधले यातले मित्र घरी बांगला बोलतात, शिकले मराठी शाळेत, बांगला वाचता येत नाही. म्हणजे मराठी सबटायटल्स त्यांनाही हवीत आणि आम्हालाही.

हक्कांचं आधी बघून घेतलं कारण सगळं वेळापत्रक त्यावर ठरतं. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे 'मेघे ढाका तारा' २०२१पासून मोकळा, 'कोमल गांधार' २०२२पासून, आणि 'सुवर्णरेखा' बरोबर १ जानेवारी २०२६पासून, म्हणून तो शेवटी ठेवला. पण डिस्कवरची इंग्रजी सबटायटल्स दुसऱ्या कोणाच्या तरी मेहनतीची असतात, ती उचलून मराठी करायची नाहीत असं वकील मित्राने बजावलं. आमची ऐकून ऐकूनच करायची ठरली आणि तेच बरं झालं.

९ नोव्हेंबर

कॉपी. 'मेघे ढाका तारा'च्या दोन कॉपी हाताशी होत्या, एक एका ओळखीच्या फिल्म सोसायटीकडची जुनी डिस्क, दुसरी नंतर विकत घेतलेली चांगली साफ. जुनी फुकट होती म्हणून आधी तिच्यावरच टायमिंग बसवायला घेतलं. बसवलेलं टायमिंग चांगल्या कॉपीवर लावलं तर पहिल्या पाच मिनिटांतच मागेपुढे व्हायला लागलं आणि तासाभराने जवळपास अडीच मिनिटांचा फरक. कारण जुनी डिस्क सेकंदाला २५ फ्रेमवर पळत होती आणि सिनेमा शूट झालाय २४ फ्रेमवर. सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलायची सोय आहे, ते एका क्लिकचं काम आहे, पण हे कळेपर्यंत आम्ही एकेक ओळ हाताने सरकवत बसलेलो, ते सगळं काम टाकून दिलं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाज. २५ फ्रेमवर सिनेमा चार टक्के फास्ट पळतो आणि सूरही वर चढतो, अर्ध्या सुराला जरासाच कमी. 'मेघे ढाका तारा'ची सुरुवात आठवा, ते अवाढव्य झाड, लांबून चालत येणारी नायिका नीता, पाण्याकाठी हंसध्वनी राग आळवत बसलेला तिचा भाऊ शंकर आणि मागून जाणारी रेल्वे. आमच्या इथल्या एका हार्मोनियम शिकवणाऱ्या सरांना दोन्ही कॉपी नुसत्या ऐकवल्या, त्यांनी लगेच सांगितलं की पहिल्यात गाणारा घाईत आहे. तुमच्याकडे डिस्क असेल तर लांबी तपासा आणि २५ची असेल तर ती नकोच.

१६ नोव्हेंबर

आजचा पूर्ण रविवार आवाजात गेला आणि केलेलं सगळं परत काढावं लागलं. सविस्तर लिहितो कारण घटक दाखवणाऱ्या कोणाचंही काम इथेच अडेल.

साउंडट्रॅकमध्ये सतत खरखर आहे, साठीतल्या बंगाली सिनेमात ती असणारच. ग्रुपमधला एकजण लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याने नेहमीच्या पद्धतीने नॉइज रिडक्शन लावलं. म्हणजे जिथे कोणी बोलत नाही असा दोन सेकंदांचा तुकडा निवडायचा, सॉफ्टवेअरला सांगायचं की हा कचरा आहे, आणि पूर्ण सिनेमातून तो कचरा काढायचा. ऐकायला एकदम छान लागलं, संवाद स्वच्छ. मग एका बंगाली मित्राच्या आजीला, आम्ही सगळे त्यांना ठाकुमाच म्हणतो, संवाद नीट ऐकू येतात का बघायला बसवलं. त्या म्हणाल्या, संवाद कळतात रे, पण रात्र आहे ना, मग रात्रीचा आवाज कुठे गेला?

मूळ कॉपी लावून पाहिली. रातकिडे गेले होते. आई स्वयंपाक करतेय आणि तिचा कान नीता आणि तिचा प्रियकर सनत काय बोलतात तिकडे आहे, कारण नीताचं लग्न झालं तर घरात येणारा पगार थांबेल, त्या सीनला तापलेल्या भांड्याचा चरचर आवाज हळूहळू वाढत जातो, तो पुसट झाला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चाबूक. सनतच्या खोलीत दुसरी मुलगी आहे हे नीताला कळतं, ती जिना उतरायला लागते, आणि चाबूक ओढल्याचा आवाज येतो. पडद्यावर चाबूक कुठेच नाही. तो आवाज आमच्या साफ केलेल्या कॉपीत कोणी लांबून टाळी वाजवावी तसा येत होता.

घटकांचं काम थोडं माहीत असेल तर याचं महत्त्व कळेल. त्यांनी या तिन्ही सिनेमांत फाळणीच्या कत्तली दाखवलेल्याच नाहीत. प्रेतांनी भरलेली गाडी नाही, जळणारं गाव नाही. जन्म ढाक्याचा, लहानपण राजशाहीला पद्मेच्या काठावर, तरुणपणी कलकत्त्यात १९४३च्या दुष्काळातली माणसं फुटपाथवर मरताना पाहिलेली, तो दुष्काळ महायुद्धाच्या काळातला. मग १९४७ला घर पलीकडे गेलं ते कायमचं. एवढं सगळं आत असलेला माणूस कॅमेरा एका कॉलनीतल्या मास्तरांच्या घरात नेऊन ठेवतो, पगाराच्या दिवशी सगळे त्या मोठ्या मुलीभोवती जमतात ते दाखवतो, तिच्या चपलेचा तुटलेला अंगठा दाखवतो, आणि जे घडून गेलंय ते आवाजात ठेवतो. फाळणी तुम्हाला दिसत नाही, ऐकू येते. तो ट्रॅक तुम्ही सॉफ्टवेअरने धुवून काढला तर हातात एका दुःखी मुलीची गोष्ट उरते, तशा गोष्टी पुष्कळ आहेत.

म्हणून आता नियम असा केलाय. ५० हर्ट्झची घूं आणि तिच्या दुपटीची १००ची, एवढीच काढायची. ८०च्या खालचं बाकी थोडं कमी. खरखर तशीच राहू द्यायची आणि हॉलमध्ये फारच टोचली तर मिक्सरवर ट्रेबल जरासा उतरवायचा, फाइलला हात लावायचा नाही. कॉम्प्रेसर, लिमिटर, 'आवाज समान करा' असलं काही लावायचं नाही, चाबूक संवादापेक्षा मोठाच यायला हवा.

३० नोव्हेंबर

सबटायटल्स. ठाकुमा आणि त्यांच्या शेजारच्या एक निवृत्त बाई ऐकतात, मित्र मराठीत सांगतो, मी टाइप करतो. वेग फार कमी आहे, संध्याकाळच्या दोन तासांत सिनेमाची आठ-दहा मिनिटं होतात, कारण मध्येच त्या दोघी सिनेमा सोडून आपल्या गावच्या गोष्टींवर जातात आणि त्यांना थांबवावंसं वाटत नाही. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी हा वेळ धरूनच चालावं. दुसऱ्या दिवशी तो सीन परत लावला की त्यांच्या तोंडून वाक्य जास्त नेमकं येतं असं दिसलंय.

तांत्रिक दोन गोष्टी. एक, जोडाक्षरं. लॅपटॉपवर बरोबर दिसणारी फाइल प्रोजेक्टरला लावायच्या मीडिया प्लेयरवर टाकली की 'प्रश्न'चा प आणि र सुटे, रफार भलत्याच अक्षरावर. फॉन्ट बदलून फायदा झाला नाही कारण दोष त्या डब्याचाच. शेवटी सबटायटल्स चित्रातच छापून घेतली, मुक्त फॉन्टमध्ये, पांढरी नको तर किंचित पिवळसर आणि काळी कड. फाइल रात्रभर रेंडर होते पण मग कुठल्याही मशीनवर सारखीच दिसते.

दोन, जागा. या सिनेमांची फ्रेम जुनी, जवळजवळ चौकोनी, आणि घटक कितीदा तरी माणसाचा चेहरा फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात ठेवतात आणि वर नुसतं आकाश किंवा झाड. नेहमीच्या जागी सबटायटल टाकलं की नीताची हनुवटी आणि ओठ त्याखाली. वर टाकून पाहिलं, नजर सारखी वरखाली होते, म्हातारी माणसं थकतात. उपाय असा केला की चित्र लहान करून साधारण ८५ टक्क्यांवर आणलं, खाली काळी पट्टी सोडली आणि सगळी वाक्यं त्या पट्टीत. पडदा थोडा वाया जातो पण चेहरा पूर्ण राहतो. प्रोजेक्टर आपोआप चित्र रुंद करून पडदा भरायला बघतो, तो ऑप्शन बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळी माणसं जाड दिसतात.

गाण्यांना सबटायटल द्यायचं नाही असं ठरलं. गाण्यांचा अर्थ एका पानावर छापून आधीच वाटायचा.

१३ डिसेंबर

समाजभवनात ट्रायल. डेकोरेशनवाल्याने भाषणाला लावतात ते भोंगे आणले होते, त्यात फक्त मधला आवाज येतो, रातकिडेही नाहीत आणि गाण्याची गोलाईही नाही. परत पाठवून १२ इंची दोन टॉप स्पीकर मागवले. ते त्याने हॉलच्या दोन टोकांना उभे केले, लग्नात करतात तसे. सिनेमा मोनो आहे, एकच ट्रॅक, त्यामुळे कडेला बसलेल्याला जवळच्या स्पीकरमधूनच सगळं येतं आणि नीता बोलतेय समोर तर आवाज येतोय खिडकीतून. दोन्ही टॉप पडद्याच्या खाली मधोमध शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा एकदम जमलं. मागच्या रांगेला थोडं कमी ऐकू येतं, मग खुर्च्या पुढे घेतल्या.

२१ डिसेंबर

'मेघे ढाका तारा'चा शो. थंडी चांगलीच होती तरी हॉल भरला, मागे सतरंजीवर पोरं बसली. बंगाली कॅम्पातल्या बायका जास्त, आमच्या मराठी बाजूचे कमी पण आले ते शेवटपर्यंत बसले.

काय बिघडलं ते आधी. जिन्यावरचा पहिला चाबूक वाजला आणि मिक्सरवर बसलेल्या मुलाने झटकन फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली ओढला, त्याला वाटलं केबल गेली. त्याचं काही चुकलं नाही, त्याचं रोजचं कामच ते आहे. पण पुढची दोन-तीन मिनिटं आवाज बारीक राहिला आणि मी गर्दीतून मागे पोचेपर्यंत तो सीन संपला होता. तोच चाबूक नंतर एका रवींद्रसंगीताच्या शेवटी परत येतो, नीता आणि शंकर एकत्र गातात तिथे, तेव्हा मी शेजारी उभा राहिलो आणि आवाज पूर्ण ठेवला. अख्ख्या हॉलने अंग चोरलं. पुढच्या शोला ऑपरेटरसाठी कागद करायचाय, कितव्या मिनिटाला कोणता आवाज येणार आणि तिथे हात लावायचा नाही म्हणून.

दुसरं म्हणजे शेवट. शिलाँगच्या सॅनिटोरियममध्ये क्षयाने खंगलेली नीता भावाला ओरडून सांगते की तिला जगायचं होतं, कॅमेरा डोंगरांवरून गोल फिरतो आणि तिचा आवाज डोंगरात घुमत राहतो. सबटायटल आम्ही पहिल्या ओरडण्याला दिलं आणि पुढचं रिकामं सोडलं, ते बरोबर ठरलं. पण लोकांना वाटलं सिनेमा संपला, खुर्च्या सरकल्या, मुलं उठली, आणि त्यानंतर जे येतं, कॉलनीच्या रस्त्याने जाणारी दुसरीच एक मुलगी, तिची चपल तुटते आणि शंकर ते बघतो, ते निम्म्या लोकांचं राहिलं. तोच सीन महत्त्वाचा आहे, नीता गेली तरी पुढची नीता तयार आहे हे तिथे दिसतं. दाखवणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवा की दिवे लागेपर्यंत बसा.

आता एक गोष्ट जी आमच्या हातात नव्हती. आजारी नीता पावसात घर सोडून निघते तेव्हा उमेचं गाणं येतं, सासरी जाणाऱ्या पार्वतीला माहेर निरोप देतं त्या तऱ्हेचं. त्याला सबटायटल नव्हतं. पुढच्या रांगेतल्या तीन-चार म्हाताऱ्या बायका हळू आवाजात सोबत गायला लागल्या. शब्द थोडे वेगळे होते त्यांचे, चालही पूर्ण जुळत नव्हती, पण थांबल्या नाहीत. माझ्या बाजूला बसलेली बारावीतली मुलगी वळून आजीकडे बघत होती, तिने हे गाणं घरात कधी ऐकलं नव्हतं म्हणे. गाण्याला सबटायटल दिलं असतं तर त्या बायका वाचत बसल्या असत्या असं मला वाटतं.

बाहेर चहाला एक शिक्षिका भेटल्या, पन्नाशीच्या. म्हणाल्या, भावांची शिक्षणं माझ्या नोकरीवर झाली, चांगले शिकले, पण हा सिनेमा मी परत बघणार नाही. त्यांना काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही, मी फक्त पुढच्या शोची तारीख सांगितली. त्या येतो म्हणाल्या.

२३ डिसेंबर

पहिल्या शोचा हिशोब. प्रोजेक्टर भाडं २,५००, साउंड ३,०००, हॉल १,०००, जनरेटर स्टँडबाय १,८००, गाण्यांच्या पानांची झेरॉक्स ३४०, चहा ९००. पेटीत जमले ४,१२०. जनरेटर लागला नाही पण पुढेही सांगणारच, मध्येच लाइट गेली तर या सिनेमाला परत तिथून सुरू करणं जमत नाही.

४ जानेवारी २०२६

'कोमल गांधार'ची सबटायटल्स आज संपली. हा सगळ्यात अवघड गेला. नाटक कंपनीचा सिनेमा आहे, एका वेळी चार-पाच जण बोलतात, नाटकातले संवाद वेगळे, त्यात 'शकुंतला'ची तालीम, त्यात लग्नाची गाणी मागे चालूच. घटक स्वतः इप्टा या नाट्यसंघटनेतले, डाव्या नाट्यचळवळीतली भांडणं त्यांनी आतून भोगलेली, आणि तीच या सिनेमात आहेत, एका गटाचे दोन गट झालेले आणि एका देशाचे दोन देश. ज्यांना ते भांडण माहीत नाही त्यांना पहिला अर्धा तास जड जातो. त्या वेळी हा सिनेमा पडला आणि तो धक्का घटकांना फार बसला. 'सुवर्णरेखा' तयार होऊन रिलीजला तीन वर्षं लागली आणि त्यानंतर पुढचा मोठा सिनेमा पूर्ण व्हायला १९७३ उजाडलं.

एक गोष्ट आपल्याकडे सांगायला हवी. हाच माणूस त्याआधी मुंबईत लिहीत होता, बिमल रॉयच्या 'मधुमती'ची (१९५८) कथा त्यांची. आणि साठच्या दशकाच्या मध्यात काही काळ ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य होते, मणी कौल, कुमार शहानी, मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. स्वतःचे सिनेमे चालत नव्हते त्या काळात त्यांनी शिकवलं आणि त्या वर्गातून भारतातला एक वेगळाच सिनेमा निघाला. बोलताना मी 'मधुमती'पासून सुरुवात केली की लोक लगेच जवळ येतात असा अनुभव आहे.

११ जानेवारी

'कोमल गांधार'चा शो. आवाजाचा कागद ऑपरेटरकडे होता, तो भाग नीट पार पडला. बिघडलं ते दिव्यांचं.

सिनेमात नाटकवाली मंडळी लालगोल्याला पद्मेच्या काठी जातात. पूर्वी गाडी थेट नदीपर्यंत जाऊन पलीकडची बोट मिळायची, आता रूळ तिथेच संपतात. त्यातले भृगू आणि अनसूया उभे राहून पलीकडे बघतात, पलीकडे तिचंही घर आणि त्याचंही, पण आता तो दुसरा देश. मग कॅमेरा त्या रुळांवरून सुसाट पळत सुटतो, मागे 'दोहाई अली'चा गजर चढत जातो, आणि रूळ संपतात तिथल्या बफरवर येऊन धडकतो. पडदा काळा.

आणि आमच्या एका कार्यकर्त्याने ट्यूबलाइट लावली. लाइट गेली असं समजून त्याने हॉलचा दिवा लावला आणि दुसरा जनरेटरकडे धावला. दहा-बारा सेकंदांत सगळं पूर्ववत झालं पण तो काळोख गेला. घटकांनी तो काळोख मोजून ठेवलाय, तिथे डोळ्यांना काहीच मिळू नये म्हणून. ज्यांनी पहिल्यांदा पाहिला त्यांना तो परत देता येणार नाही याचं मला खूप वाईट वाटलं.

तेव्हा कागदावर आवाजाबरोबर काळोखही लिहा आणि त्याची एक प्रत दिव्याच्या बटणाजवळ बसणाऱ्याला द्या. शिवाय प्रोजेक्टरमध्ये चित्र काळं झालं की उजेड आपोआप कमीजास्त करायची सेटिंग असते, ती बंद ठेवा, नाहीतर काळ्याऐवजी करडा पडदा मिळतो.

शो संपल्यावर लोकांनीच सांगितलं तो तुकडा परत लावा. लावला, सगळे दिवे बंद करून.

१८ जानेवारी

'सुवर्णरेखा'ची सबटायटल्स चालू. यातली एक अडचण आधीच्या दोघांत नव्हती. सुरुवातीला निर्वासितांच्या नवजीवन कॉलनीत एक बाई पोराला घेऊन येते, बागदी या दलित जातीची, तिला तिथे जागा मिळत नाही, तिला उचलून नेतात आणि पोरगा अभिराम मागे राहतो. त्याला ईश्वर नावाचा माणूस आपल्या लहान बहिणीबरोबर, सीतेबरोबर वाढवतो. पुढे दोघं मोठे होतात, प्रेमात पडतात, आणि एका स्टेशनवर अभिरामला त्याची मरायला टेकलेली आई सापडते, तेव्हा जात उघडी होते. ज्याने पोरगा सांभाळला तोच ईश्वर लग्नाला नाही म्हणतो. घर गेलं, देश गेला, जात मात्र सोबत आली.

बंगाली कॅम्पातली बरीच कुटुंबं नामशूद्र, म्हणजे बंगालमधल्या एका दलित जातीची आहेत. ऐकून सांगणाऱ्या निवृत्त बाई या सीनला गप्प झाल्या, दोनदा परत लावायला सांगितलं, मग एकेक वाक्य नीट दिलं. मित्राने विचारलं की मराठीत थोडं सौम्य करायचं का, हॉलमध्ये सगळ्या प्रकारचे लोक असतात. त्या नाही म्हणाल्या. जसं आहे तसं ठेवलंय.

६ फेब्रुवारी

'सुवर्णरेखा'चा शो, शुक्रवार असूनही सगळ्यात जास्त गर्दी. मुलचेऱ्याकडून एक जीप भरून आली. सुरू करायच्या आधी सांगितलं की शेवटाकडचा भाग लहान मुलांसाठी नाही, मध्यंतरात पोरांना घरी नेलं तर बरं. शेवटी काय होतं ते इथेही लिहून ठेवतो म्हणजे आयोजकांना अंदाज राहील. अभिराम बस चालवताना एक मूल दगावतं आणि जमाव त्याला मारून टाकतो, सीतेला कलकत्त्यात गाण्याच्या नावाखाली शरीर विकायची वेळ येते, आणि तिच्याकडे येणारं पहिलं गिऱ्हाईक दारूच्या नशेतला तिचाच भाऊ असतो. ती विळीने जीव देते, तेही दिसत नाही, ऐकू येतं.

या वेळी तांत्रिक बाजू पूर्ण जमली. लोकांना सगळ्यात जास्त धरून ठेवणारा सीन मात्र माझ्या अंदाजाबाहेरचा निघाला. दुसऱ्या महायुद्धातली एक ओसाड धावपट्टी आहे, मोडक्या विमानाचे अवशेष, तिथे लहानगी सीता आणि अभिराम खेळतात. युद्ध संपून गेलंय, पोरांसाठी ते मैदान आहे. सीता एकटी गात चालत असते आणि अचानक समोर काली उभी, जीभ बाहेर. तो बहुरूपी असतो. महाकालीच्या गावात हे दाखवतोय म्हटल्यावर मला वाटलं पोरं हसतील, बहुरूपी आपल्याकडेही येतातच की. कोणी हसलं नाही. एक लहान मुलगी रडली, तिच्या आजोबांनी मांडीवर घेतलं.

त्याच आजोबांनी नंतर माइक घेतला. त्यांना शेवटाबद्दल, भाऊ-बहिणीबद्दल काही बोलायचं नव्हतं. ते स्टेशनवर मरणाऱ्या बाईबद्दल बोलले. माना कॅम्पमध्ये ते लहान होते, रांगेत आईचा हात धरून. म्हणाले, आम्हाला आधी जिल्हा विचारायचे, मग आडनाव, आणि आडनाव ऐकल्यावर तंबू कुठला ते ठरायचं. मराठीत बोलत होते, मध्येच बांगलात गेले, मित्र भाषांतर करायला उठला तर त्यांनी हातानेच बस म्हटलं आणि स्वतःच परत मराठीत सांगितलं. त्यानंतर आमच्या मराठी बाजूच्या दोघातिघांनीही हात वर केले, चर्चा साडेअकरापर्यंत चालली, हॉलवाल्याने किल्ली आमच्याकडेच देऊन टाकली.

या चर्चेचं रेकॉर्डिंग झालं नाही. मिक्सरमधून रेकॉर्ड करायची सोय होती, कार्डही होतं, पण ते फक्त सिनेमापुरतं धरलं होतं. बोलणाऱ्यांची आधी परवानगी घेऊन चर्चेचा आवाज नक्की रेकॉर्ड करा, सिनेमा पुन्हा मिळतो.

१० फेब्रुवारी

एकूण हिशोब. तिन्ही शो मिळून खर्च ३१,४६०, त्यात डिस्क आणि एक हार्ड डिस्क धरली आहे. जमले १९,७००, कमी पडलेले ग्रुपने वाटून भरले. सबटायटल करणाऱ्या दोघींनी मानधन घ्यायला नकार दिला, त्यांच्या नावाची पाटी प्रत्येक सिनेमाच्या सुरुवातीला टाकली आहे आणि फाइल कोणालाही देताना ती पाटी काढायची नाही एवढीच अट आहे.

मुलचेऱ्याची मंडळी तिन्ही सिनेमे तिकडे दाखवायला मागतायत. हॉल नाही, उघड्यावर करावं लागेल, म्हणजे स्पीकर पडद्याखाली तसेच पण आवाज जास्त लागेल आणि रातकिडे बाहेरचे कोणते आणि सिनेमातले कोणते हे कळणार नाही, ते चालेल असं सगळ्यांचं मत पडलं. होळीच्या आधी करायचंय, नंतर ऊन वाढतं आणि अंधार उशिरा पडतो.

ते 'तिताश एकटि नदीर नाम'ही मागतायत. तो १९७३चा, बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर घटकांनी तिकडे जाऊन केलेला, कोळ्यांच्या गावाचा, नदी आटते आणि गाव उठतं. त्याचा कॉपीराइट अजून चालू आहे, त्यामुळे आमच्या पद्धतीने नुसता लावता येणार नाही. परवानगीचं पत्र काल पाठवलं. ठाकुमांनी ऐकायला सुरुवात केली आहे, कोळ्यांची बोली त्यांना पहिल्या दिवसापासून सोपी जातेय, मित्रालाच अडतंय. पत्राचं उत्तर आलं की पुढची नोंद टाकतो.